विंडोज अपडेट झालं अन् प्रिंटर गायब? फॉरमॅट मारण्याआधी हे क्रमाने तपासा

रात्री कॉम्प्युटर बंद करताना 'अपडेट अँड शट डाऊन' दाबलं जातं. सकाळी केंद्र उघडतं. नेट चालू असतं, सातबारा स्क्रीनवर दिसतो, पण प्रिंट निघत नाही. दुसऱ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला पहिल्या कॉम्प्युटरमधलं फोल्डर सापडत नाही. बाहेर दाखल्यासाठी, पीक विम्यासाठी, ई-केवायसीसाठी माणसं ताटकळत असतात आणि त्यातल्या कुणाची तरी शेवटची तारीख आजच असते.

सेवा केंद्र, ग्रामपंचायत, विकास सोसायटी, दूध संकलन केंद्र, शाळेचं ऑफिस अशा ठिकाणी दोन-तीन कॉम्प्युटर आणि एकच प्रिंटर असतो. तिथे ही अडचण हमखास येते. मग कुणीतरी सांगतं, "फॉरमॅट मारा, सगळं नीट होईल."

इथेच नुकसान होतं. फॉरमॅट मारला की आधी जपलेले अर्ज, पावत्या, स्कॅन केलेली कागदपत्रं जाण्याचा धोका असतो. मेकॅनिकचे पैसे जातात, दिवस मोडतो. आणि नवं विंडोज टाकलं तरी त्यात अपडेटचे तेच नवे नियम असतात. म्हणजे अडचण परत तिथेच. बहुतेक वेळा बिघाड एखाद्या सेटिंगमध्ये असतो आणि क्रमाने पाहिलं तर तो सापडतो. तो क्रम खाली दिला आहे.

नेट वेगळं, लोकल नेटवर्क वेगळं

कालव्याला पाणी आलं म्हणजे आपल्या वावरात पाणी आलं असं होत नाही. मधल्या चारीचं दार बंद असेल तर वावर कोरडंच राहतं. इथेही तसंच आहे. बाहेरून येणारं इंटरनेट म्हणजे कालवा. राऊटरपासून कॉम्प्युटर, प्रिंटर, मोबाईल, कॅमेऱ्यापर्यंतचं आतलं जाळं म्हणजे चारी. याला लोकल नेटवर्क म्हणतात.

वेबसाईट उघडते पण प्रिंटर दिसत नाही, तर कालवा चालू आहे आणि चारी अडलेली आहे. अशा वेळी नेटवाल्या कंपनीला फोन करून उपयोग नाही. उलट, प्रिंट निघते पण वेबसाईट उघडत नाही, तर आतलं ठीक आहे आणि बाहेरची लाईन पाहायला हवी. हा फरक आधी ओळखला तर निम्मा वेळ वाचतो.

अपडेटने नेमकं बदललं काय?

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने जगभरातले कॉम्प्युटर लॉक करून पैसे मागायला सुरुवात केली. तो पसरला विंडोजच्या फाईल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या एका भोकातून. या पद्धतीला एसएमबी-१ म्हणतात. ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं, ते जास्त करून सापडले. त्यानंतर त्याच वर्षी विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत एसएमबी-१ आपोआप बसवणं बंद झालं.

२०२१ मध्ये प्रिंटिंगच्या यंत्रणेत 'प्रिंटनाईटमेअर' नावाची मोठी त्रुटी सापडली. त्या वर्षी प्रिंटरचे नियम एकापाठोपाठ एक कडक झाले. नेटवर्कवरून प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला ॲडमिनची परवानगी लागू लागली. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर शेअर केलेले प्रिंटर अनेक ठिकाणी बंद पडले.

१ ऑक्टोबर २०२४ पासून विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आली. तिच्या प्रो प्रकारात दोन गोष्टी बदलल्या. शेअरिंग करताना समोरचा कॉम्प्युटर खरा तोच आहे याची सही तपासणं सक्तीचं झालं. आणि पासवर्ड न देता पाहुणा म्हणून, म्हणजे 'गेस्ट' म्हणून, दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये शिरणं बंद झालं.

थोडक्यात, पूर्वी घराला कडी नव्हती, आता अपडेटने कडी लावली. कडी तोडण्यापेक्षा किल्ली करून घेतलेली बरी. पुढचे उपाय त्याच हिशोबाने आहेत.

पहिली दहा मिनिटं

काहीही बदलण्याआधी एवढं पाहा.

१. अपडेट खरंच झालं का? 'सेटिंग्ज' मध्ये 'विंडोज अपडेट' आणि त्यात 'अपडेट हिस्टरी' उघडा. तारीख दिसेल. काल रात्रीची तारीख असेल तर संशय अपडेटवर. महिन्यापूर्वीची असेल तर कारण दुसरं असू शकतं. रात्री लाईट जाऊन आली असेल तर तेही लक्षात घ्या. ते का, हे पुढे येईल.

२. अडचण एका कॉम्प्युटरला आहे की सगळ्यांना? एकालाच असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये बघा. सगळ्यांना असेल तर प्रिंटर, राऊटर किंवा ज्या कॉम्प्युटरला प्रिंटर जोडलाय तो तपासा.

३. राऊटर आणि प्रिंटर खटक्यावरून बंद करा. अर्धा मिनिट थांबा. आधी राऊटर चालू करा, दोन मिनिटांनी प्रिंटर, मग कॉम्प्युटर 'रीस्टार्ट' करा. 'शट डाऊन' करून चालू करण्यापेक्षा 'रीस्टार्ट'च करा, कारण शट डाऊनमध्ये विंडोज काही भाग तसाच साठवून ठेवतं.

४. सगळी यंत्रं एकाच राऊटरवर आहेत का? एक कॉम्प्युटर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आणि दुसरा ऑफिसच्या वाय-फायवर असेल तर ती दोन वेगळी जाळी झाली. अपडेटनंतर रीस्टार्ट झाल्यावर कॉम्प्युटर कधी कधी दुसऱ्याच ओळखीच्या वाय-फायला चिकटतो.

५. अर्ध्यात राहिलेलं अपडेट पूर्ण करा. 'रीस्टार्ट रिक्वायर्ड' असं दिसत असेल तर आधी ते होऊ द्या.

नेटवर्क 'पब्लिक' झालंय का?

विंडोज प्रत्येक नेटवर्कला दोनपैकी एक शिक्का मारतं. 'पब्लिक' म्हणजे एसटी स्टँडवरचं, अनोळखी लोकांचं. 'प्रायव्हेट' म्हणजे घरचं, ऑफिसचं. पब्लिक शिक्का असला की कॉम्प्युटर इतरांपासून लपून राहतो. मोठ्या अपडेटनंतर किंवा राऊटर बदलल्यावर हा शिक्का पब्लिक झालेला आढळतो.

'सेटिंग्ज' – 'नेटवर्क अँड इंटरनेट' – 'वाय-फाय' (वायर असेल तर 'इथरनेट') – 'प्रॉपर्टीज' असं जा. तिथे 'प्रायव्हेट नेटवर्क' निवडा. मग मागे येऊन 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज' मधल्या 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' मध्ये प्रायव्हेटखाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाईल अँड प्रिंटर शेअरिंग' ही दोन्ही बटणं चालू करा. हे दोन्ही कॉम्प्युटरवर करायचं.

मोबाईलचा हॉटस्पॉट, लॉजचं वाय-फाय, स्टँडचं वाय-फाय यांना मात्र प्रायव्हेट करू नका.

एवढं करूनही 'नेटवर्क' मध्ये दुसरा कॉम्प्युटर दिसत नसेल तर आणखी एक जागा आहे. विंडोजचं बटण आणि 'आर' एकत्र दाबून 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' इंग्रजीत टाइप करा. यादीत 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' शोधा. ती सर्व्हिस बंद दिसली तर डबल क्लिक करून 'स्टार्टअप टाइप' 'ऑटोमॅटिक' करा आणि 'स्टार्ट' दाबा. दुसऱ्यांना "मी इथे आहे" असं सांगण्याचं काम हीच सर्व्हिस करते. २४एच२ नंतर काही कॉम्प्युटरवर ती आपोआप सुरू होत नाही.

पत्ता बदलला का?

लोकल नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला राऊटर एक नंबर देतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५. हा नंबर कायमचा नसतो. लाईट जाऊन आली, राऊटर परत चालू झाला की प्रिंटरला २५ ऐवजी ३१ नंबर मिळू शकतो. कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो. योगायोगाने त्याच रात्री अपडेट झालेलं असलं की सगळा दोष अपडेटच्या माथी जातो.

कॉम्प्युटरचा पत्ता पाहायला 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा आणि 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत, सलग, टाइप करून एंटर दाबा. 'आयपीव्ही४ ॲड्रेस' समोरचा नंबर तुमचा, 'डिफॉल्ट गेटवे' समोरचा राऊटरचा. दोन्ही कॉम्प्युटरच्या नंबरचे पहिले तीन गट साधारणपणे सारखे असायला हवेत. नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने पत्ता दिलेलाच नाही. मग वायर, वाय-फायचा पासवर्ड आणि राऊटर पाहा.

प्रिंटरचा पत्ता त्याच्या छोट्या स्क्रीनवर 'नेटवर्क' मध्ये दिसतो किंवा प्रिंटरवरून माहितीचा कागद छापता येतो. तो नंबर मिळाला की कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग', एक जागा सोडून तो नंबर, आणि एंटर. 'रिप्लाय फ्रॉम' आलं तर रस्ता मोकळा आहे, ड्रायव्हर किंवा सेटिंग पाहा. 'टाइम्ड आऊट' आलं तर रस्ताच अडलाय. दुसऱ्या कॉम्प्युटरला पिंग करताना मात्र त्याचा फायरवॉल उत्तर अडवू शकतो. त्यामुळे ही परीक्षा राऊटर आणि प्रिंटरवर करा.

कायमचा उपाय म्हणजे राऊटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा नंबर राखून ठेवणं. याला 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' म्हणतात. राऊटरचं पान उघडण्याचा पत्ता त्याच्या खालच्या स्टिकरवर असतो. स्वतः जमत नसेल तर नेट जोडून देणाऱ्या मुलाला हे एक काम सांगा. दर वेळची डोकेदुखी जाते.

प्रिंटरचा एरर, शेवटी '११बी'

दुसऱ्या कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेला प्रिंटर वापरताना लांबलचक आकडा येतो आणि त्याच्या शेवटी ११बी असतं. हा २०२१ च्या कडक नियमांचा एरर. एक कॉम्प्युटर अपडेट झालेला आणि दुसरा मागे राहिलेला असला की दोघांची भाषा जुळत नाही.

• आधी दोन्ही कॉम्प्युटर पूर्ण अपडेट करा, दोन्ही रीस्टार्ट करा. बऱ्याच ठिकाणी इथेच काम होतं.

• प्रिंटरला स्वतःचं वाय-फाय किंवा नेटवर्कच्या वायरची खाच असेल तर शेअरिंग सोडूनच द्या. प्रिंटर थेट राऊटरला जोडा. प्रत्येक कॉम्प्युटरवर 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' – 'ॲड डिव्हाइस' – 'ॲड मॅन्युअली' मध्ये आयपी पत्ता देऊन प्रिंटर टाका. मग एक कॉम्प्युटर बंद असला तरी दुसऱ्यावरून प्रिंट निघते. अपडेटचा त्रासही कमी होतो.

• प्रिंटर फक्त यूएसबीचा असेल तर वेगळी वाट आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर कंपनीच्या वेबसाईटवरून ड्रायव्हर टाका. मग 'ॲड मॅन्युअली' मध्ये 'लोकल प्रिंटर' निवडून 'क्रिएट अ न्यू पोर्ट' – 'लोकल पोर्ट' घ्या. पोर्टच्या नावात दोन उलट्या तिरप्या रेघा, पहिल्या कॉम्प्युटरचं नाव, परत एक उलटी तिरपी रेघ आणि प्रिंटरचं शेअर नाव लिहा. पुढे ड्रायव्हर निवडा. पहिल्या कॉम्प्युटरवरची परवानगी मात्र लागतेच. ती कशी द्यायची ते पुढच्या भागात आहे.

यूट्यूबवर याच एररसाठी रजिस्ट्रीत एक आकडा बदलून संरक्षण बंद करायचा उपाय फिरतो. त्याने प्रिंट निघेलही, पण ज्यासाठी कडी लावली ती कडीच निघते. केंद्रावर लोकांचे आधार आणि पासबुक स्कॅन होऊन पडलेले असतात, हे विसरू नये.

शेअर फोल्डर उघडत नाही

काल विनापासवर्ड उघडणारं फोल्डर आज 'गेस्ट ॲक्सेस' बंद असल्याचा मेसेज देतं किंवा युजरनेम-पासवर्ड मागतं. इथे दोन गोष्टींवर माणूस अडतो. एक, कॉम्प्युटर उघडायचा पिन इथे चालत नाही. पिन फक्त त्याच कॉम्प्युटरपुरता असतो. दोन, ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्या खात्याने नेटवर्कवरून आत जाता येत नाही.

म्हणून शेअरिंगसाठी एक वेगळं खातं करा:

१. फोल्डर ज्या कॉम्प्युटरवर आहे तिथे 'सेटिंग्ज' – 'अकाऊंट्स' – 'अदर युजर्स' – 'ॲड अकाऊंट' असं जा. साईन-इनची माहिती नाही हा पर्याय आणि मग मायक्रोसॉफ्ट अकाऊंटशिवाय युजर जोडण्याचा पर्याय निवडा.

२. साधं इंग्रजी नाव द्या, जसं 'ऑफिस'. पासवर्ड नीट द्या, १२३४ नको.

३. फोल्डरवर राईट क्लिक – 'प्रॉपर्टीज' – 'शेअरिंग' – 'शेअर' मध्ये हे नाव जोडा. फक्त वाचायचं असेल तर 'रीड', फाईल टाकायची असेल तर 'रीड/राईट'.

४. दुसऱ्या कॉम्प्युटरवर 'कंट्रोल पॅनल' मधलं 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडा. 'विंडोज क्रेडेन्शियल्स' मध्ये पहिल्या कॉम्प्युटरचं नाव, युजरनेम आणि पासवर्ड एकदा टाकून ठेवा. युजरनेमच्या जागी आधी कॉम्प्युटरचं नाव, मग उलटी तिरपी रेघ, मग युजरचं नाव लिहिलं तर गोंधळ होत नाही.

५. आता विंडोज बटण आणि 'आर' दाबून दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पहिल्या कॉम्प्युटरचं नाव टाका. फोल्डर समोर येईल. कॉम्प्युटर 'नेटवर्क'च्या यादीत दिसत नसला तरी असा थेट उघडतो.

राऊटरला लावलेला पेनड्राइव्ह किंवा जुनी नेटवर्क हार्डडिस्क उघडत नसेल तर तिला अजून एसएमबी-१ च येत असण्याची शक्यता असते. त्या यंत्राचं स्वतःचं सॉफ्टवेअर अपडेट होतं का पाहा. होत नसेल तर त्यातला डेटा कॉपी करून ते यंत्र बाजूला ठेवा. त्याच्यासाठी एसएमबी-१ परत चालू करणं म्हणजे वॉनाक्रायला दार उघडं ठेवणं.

अंगठा मशीन सापडत नाही

ई-केवायसीचं अंगठा मशीन यूएसबीने लागतं, पण वेबसाईट त्याच्याशी बोलते ती कॉम्प्युटरमध्ये चालणाऱ्या 'आरडी सर्व्हिस' मार्फत. म्हणजे बाहेरची वेबसाईट तुमच्या कॉम्प्युटरच्या आत डोकावत असते. २०२५ च्या अखेरीपासून क्रोम ब्राउझर अशा वेळी परवानगी विचारू लागला आहे. घाईत कुणी 'ब्लॉक' दाबलं की मशीन ठीक असूनही 'डिव्हाइस नॉट फाऊंड' असं येऊ शकतं.

ती वेबसाईट उघडून पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा. 'साईट सेटिंग्ज' मध्ये ब्लॉक झालेली परवानगी 'अलाऊ' करा आणि पान परत उघडा. ही परवानगी फक्त ओळखीच्या सरकारी किंवा बँकेच्या साईटलाच द्या. तरी चाललं नाही तर 'सर्व्हिसेस' मध्ये मशीनच्या कंपनीची आरडी सर्व्हिस चालू आहे का पाहा आणि मशीन दुसऱ्या यूएसबी खाचेत लावून बघा.

मोबाईल अपडेट झाल्यावर

अडचण फक्त कॉम्प्युटरची नाही. अँड्रॉइड किंवा आयफोन अपडेट झाल्यावर घरचा कॅमेरा, वाय-फाय प्रिंटर, मोटारीचा वाय-फाय स्टार्टर मोबाईलला दिसेनासा होतो. हे पाहा:

• ॲपची परवानगी: अँड्रॉइड १२ पासून 'निअरबाय डिव्हायसेस' ही वेगळी परवानगी आली आहे. ॲपच्या 'परमिशन्स' मध्ये ती चालू करा. आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून 'लोकल नेटवर्क' ची परवानगी लागते. ती 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' मध्ये मिळेल.

• मोबाईल डेटा: कॅमेरा किंवा स्टार्टरचं स्वतःचं वाय-फाय असतं, त्यात इंटरनेट नसतं. मोबाईल ते ओळखतो आणि गुपचूप सिमच्या डेटावर जातो. जोडणी करताना डेटा तात्पुरता बंद करा. 'इंटरनेट नाही, तरी जोडून ठेवायचं का?' असं विचारलं तर हो म्हणा.

• बदलता मॅक पत्ता: अँड्रॉइड १० पासून मोबाईल वाय-फायला आपली खरी ओळख न देता बनावट नंबर देतो. राऊटरवर ठरावीक मोबाईलनाच परवानगी दिलेली असेल तर तो अडतो. घरच्या वाय-फायच्या 'प्रायव्हसी' मध्ये 'यूज डिव्हाइस मॅक' निवडा.

• व्हीपीएन: एखादं व्हीपीएन ॲप चालू असेल तर बंद करून पाहा. ते चालू असताना घरातलं जाळं दिसेनासं होऊ शकतं.

• गेस्ट वाय-फाय: राऊटरच्या 'गेस्ट' नावावर मोबाईल जोडला असेल तर नेट मिळतं, पण प्रिंटर सहसा दिसत नाही. मुख्य नावावर जोडा.

• प्रिंट सर्व्हिस: मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये वर शोधाच्या जागी 'प्रिंट' टाका. 'प्रिंट सर्व्हिस' बंद असेल तर चालू करा.

शेवटचे दोन उपाय

वरचं सगळं करूनही जमलं नाही तरच इथे या. फोल्डरमधला महत्त्वाचा डेटा आधी पेनड्राइव्हवर घ्या.

'नेटवर्क रीसेट': 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज' मध्ये हा पर्याय आहे. मोबाईलमध्येही असाच पर्याय 'रीसेट' मध्ये मिळतो. यात फाईल जात नाहीत, पण वाय-फायचे जपलेले पासवर्ड जातात. मोबाईलमध्ये ब्लूटूथच्या जोडण्याही जातात. म्हणून वाय-फायचा पासवर्ड आधी लिहून ठेवा.

'अपडेट मागे घेणं': छोटं अपडेट 'अपडेट हिस्टरी' मधल्या 'अनइन्स्टॉल अपडेट्स' मधून काढता येतं. पूर्ण नवी आवृत्ती आली असेल तर 'सिस्टिम' – 'रिकव्हरी' मध्ये 'गो बॅक' दिसतं, पण साधारण दहा दिवसांपर्यंतच. हा तात्पुरता उपाय आहे. दिवस निभावून न्यायचा, मग सेटिंग नीट करून अपडेट परत घ्यायचं.

हे मात्र करू नका

• फायरवॉल किंवा अँटिव्हायरस कायमचा बंद करू नका. तपासण्यापुरता पाच मिनिटं बंद केला तर लगेच चालू करा.

• अख्खी 'सी' किंवा 'डी' ड्राइव्ह 'एव्हरीवन' ला शेअर करू नका. एक फोल्डर पुरतं.

• गुगलवर सापडलेल्या 'प्रिंटर हेल्पलाईन' नंबरवर फोन करू नका. कंपनीचा नंबर प्रिंटरच्या खोक्यावर किंवा पुस्तिकेत असतो तो वापरा. समोरचा माणूस स्क्रीन बघण्याचं ॲप टाकायला सांगत असेल, ओटीपी किंवा पैसे मागत असेल तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर कळवा.

• वैतागून अपडेटच कायमचं बंद करू नका. पीक विम्याची किंवा अर्जाची शेवटची तारीख जवळ असेल तर 'पॉज अपडेट्स' वापरा. विंडोज ११ मध्ये पाच आठवड्यांपर्यंत अपडेट थांबवता येतं. गर्दी ओसरल्यावर सुट्टीच्या दिवशी ते घ्या. आधी एका कॉम्प्युटरवर घ्या, प्रिंट निघते का पाहा, मग दुसऱ्यावर.

विंडोज १० वाल्यांसाठी

विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांनी जादा मुदतीसाठी नोंदणी केली त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळतात. कॉम्प्युटर बंद पडणार नाही, पण एका टेबलावर जुनं १० आणि दुसऱ्यावर नवं ११ असलं की शेअरिंगचे खटके उडत राहतील. अशा ठिकाणी प्रिंटर थेट राऊटरला जोडणं आणि पासवर्डचं वेगळं खातं करणं, एवढं आत्ताच करून घ्यावं.

वहीत लिहून ठेवा, मेकॅनिकला हेच सांगा

केंद्राच्या एका वहीत एवढ्या नोंदी हव्यात: प्रत्येक कॉम्प्युटरचं नाव आणि विंडोजची आवृत्ती, प्रिंटरचं मॉडेल आणि आयपी पत्ता, राऊटरचा पत्ता, शेअरिंगच्या खात्याचं नाव. पासवर्ड वेगळ्या जागी, कुलपात. वाय-फायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असेल तर आजच काढा.

मेकॅनिकला फोन करताना "कॉम्प्युटर बिघडला" असं म्हणू नका. हे सांगा:

१. अपडेट कोणत्या तारखेला झालं.
२. नेट चालतंय का, आणि आतलं काय चालत नाही.
३. एका कॉम्प्युटरला अडचण आहे की सगळ्यांना.
४. एररचे शब्द आणि आकडा, मोबाईलने फोटो काढून.
५. राऊटर आणि प्रिंटरला पिंगचं उत्तर येतं का.

एवढं ऐकल्यावर जाणता मेकॅनिक फोनवरच सेटिंग सांगू शकेल. आणि एवढं ऐकूनही कुणी थेट फॉरमॅटच सुचवत असेल, तर आधी डेटाची कॉपी घ्या आणि दुसऱ्या एकाला विचारा.